सिस्टरच्या पाठीशी कोण?

परिचारिका अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी गेल्या. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यापासून त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि तिथल्या परिचारिका त्यांचे सारे काही करत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही, याची दखल न्यायालयापर्यंत गेली. त्यांच्या दयामरणासाठी केलेल्या याचिकेवरील २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचा मनापासून गौरव केला.

आपण याला सेवाभाव म्हणतो, आणि तो होताच. पण त्या सेवाभावामागे एक भरलेले रुग्णालय उभे होते. पाळी संपली की दुसरी सिस्टर यायची, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असायचे, नव्या मुलींना शिकवायला जुन्याजाणत्या सिस्टर असायच्या. या आधाराविषयी आपण फारसे बोलत नाही.

या आधाराचाच प्रश्न आता पुण्या-मुंबईत वाढलेल्या रिहॅब सेंटरमध्ये उभा राहतो. पक्षाघात, मेंदूची शस्त्रक्रिया किंवा खुब्याचे हाड मोडणे, अशा दुखण्यात मोठ्या रुग्णालयातून सुट्टी मिळते, पण माणूस घरी नेण्याजोगा झालेला नसतो. मग त्याला इथे आणतात. गळ्यातली ट्रॅकिओस्टॉमीची नळी साफ करायची, डोक्याकडची बाजू उंच ठेवून नाकातल्या राइल्स ट्यूबने अन्न द्यायचे, कॅथेटर सांभाळायचे, साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. सिस्टरचे हे काम अतिदक्षता विभागातल्या कामाच्या जवळ जाणारे आहे. मात्र रात्री अनेक ठिकाणी डॉक्टर फक्त फोनवर असतात.

मध्यरात्री रुग्णाला ठसका लागतो, ऑक्सिजन उतरू लागतो, आणि डॉक्टरांचा फोन लागत नाही. अशा वेळी सिस्टरने काय करायचे? किती आकड्याखाली गेल्यावर कोणाला कळवायचे, हे भिंतीवर लिहिलेले हवे. कोणाची परवानगी न घेता रुग्णवाहिका बोलावण्याचा अधिकार तिला हवा आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून तिला कोणी बोलता कामा नये. माझ्या मते, सगळ्या सोयींत ही पहिली. बाकीच्या साध्या आहेत: हिपॅटायटिस बीची लस, सुई टोचली तर ७२ तासांच्या आत, शक्यतो लगेचच एचआयव्ही प्रतिबंधक औषध सुरू होण्याची व्यवस्था, रुग्णाला सरकवण्यासाठी स्लाइड शीट, म्हणजे तिची कंबर जाणार नाही. प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळेत व्हावे, सुट्टीच्या दिवशी नव्हे.

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणत्याच यादीत सापडत नाही. इथे रुग्ण महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्या नातवंडांची नावे सिस्टरला पाठ होतात. असा रुग्ण दगावला की नातेवाईक रडतात, आणि सिस्टर चादर बदलून पुढच्या खाटेकडे वळते. निदान पाळी संपण्यापूर्वी वरिष्ठांनी तिला बाजूला बसवून विचारावे, त्या रात्रीबद्दल बोलू द्यावे. याला पैसे लागत नाहीत.

आपले माणूस अशा केंद्रात ठेवताना आपण खोली बघतो, एसी बघतो, दर विचारतो. त्याबरोबर एवढेही विचारा: रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात आणि तिने फोन केला तर तो कोण उचलतो? उत्तर देताना चालक घुटमळला, तर दुसरे केंद्र बघा.