हलक्याफुलक्या बातम्या आणि कुतूहलाची नीती

सिनेमा-नाटकातल्या घडामोडी, कलावंतांच्या लग्नकार्याच्या वार्ता, अजब विक्रम, ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ अशी माहितीची चौकट आणि कुठल्या तरी दूरच्या गावातली चमत्कारिक घटना, असा मिश्र मजकूर असंख्य लोक रोज आवडीने वाचतात. या मजकुराने पोटापाण्याचा प्रश्न सुटत नाही आणि परलोकही साधत नाही. तरीही अग्रलेखाच्या आधी डोळे तिकडेच वळतात. केवळ गंमत म्हणून काही जाणून घेणे हा मनाचा दोष आहे की माणसाची रास्त गरज, हा प्रश्न धर्मविचाराने आणि तत्त्वज्ञानाने फार प्राचीन काळापासून हाताळला आहे. त्याची उत्तरे परस्परविरोधी वाटतात, पण एकत्र ठेवून पाहिली की त्यांतून एक सुसंगत नीती तयार होते.

अशा मजकुराचे आजचे रूप विसाव्या शतकात घडले. डिसेंबर १९१८ मध्ये रॉबर्ट रिप्ले या व्यंगचित्रकाराने ‘न्यूयॉर्क ग्लोब’ या दैनिकात खेळांतल्या विचित्र विक्रमांची चित्रे काढली. त्यातूनच पुढे ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ हे जगप्रसिद्ध सदर उभे राहिले. १९५१ साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेल्या, गिनेस या मद्यकंपनीचे प्रमुख असलेल्या ह्यू बीव्हर यांच्या मंडळींत युरोपातला शिकार केल्या जाणाऱ्या पक्ष्यांपैकी सर्वांत वेगवान कोणता यावरून वाद झाला. त्याचे उत्तर संदर्भग्रंथांत सापडेना, म्हणून नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांकडून विक्रमांचे पुस्तक तयार करून घेण्यात आले. १९५५ साली निघालेली गिनेस विक्रमांची ती पहिली आवृत्ती. मराठीत त्याच्याही आधी, १८९५ साली, काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ हे मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढून एक परंपराच घालून दिली. माध्यमे बदलली, पण त्यामागची ओढ त्यांच्याहून कितीतरी जुनी आहे.

या ओढीविरुद्धचे सर्वांत तपशीलवार म्हणणे बौद्ध ग्रंथांत सापडते. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात आणि सामञ्ञफलसुत्तात भिक्षूने टाळायच्या निरर्थक गप्पांची यादी दिली आहे. राजे, चोर, मंत्री, सैन्य आणि युद्ध यांच्या गोष्टी, खाणेपिणे, वस्त्रे, वाहने, नातेवाईक, गावे आणि नगरे यांच्या गोष्टी, स्त्रिया आणि शूरवीर यांच्या गोष्टी, रस्त्यावरच्या आणि पाणवठ्यावरच्या गप्पा, मृतांच्या आठवणी. राजकारण, गुन्हेगारी, पाककृती, फॅशन, प्रवास आणि शेजारपाजारच्या कुजबुजी, आजच्या वृत्तपत्राची जवळजवळ सगळी पाने या यादीत आली आहेत. जगाची आणि समुद्राची उत्पत्ती कशी झाली याविषयीच्या अटकळीही तिच्यात आहेत, ही गोष्ट विशेष महत्त्वाची. म्हणजे आक्षेप विषयाच्या हलकेपणाला नाही. साधकाला त्याच्या ध्येयाकडे न नेणारे बोलणे, मग ते कितीही गंभीर असो, याच यादीत पडते. भिक्षू एकत्र जमले की त्यांनी एक तर धम्मचर्चा करावी किंवा आर्य मौन पाळावे, असा बुद्धाचा उपदेश आहे.

जैन परंपरेत हाच विचार ‘विकथा’ या संज्ञेखाली येतो. स्थानांगसूत्र चार विकथा सांगते : स्त्रीकथा, भोजनाची भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. त्यांच्यासमोर चार प्रकारच्या धर्मकथा ठेवल्या आहेत. ही शिस्त केवळ साधूंपुरती नाही. श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिक या ध्यानव्रताला बसतो तेव्हा टाळायच्या बत्तीस दोषांपैकी दहा दोष वाणीचे असतात आणि त्यांत विकथेची गणना होते. गृहस्थाला दिवसभर गप्पा वर्ज्य नाहीत, पण दिवसाचा निदान एक तुकडा त्यांपासून मुक्त असावा, अशी ही व्यवस्था आहे.

पश्चिमेकडे प्लुटार्कने चौकसपणाच्या व्यसनावर स्वतंत्र निबंध लिहिला. रोममध्ये सुंदर चित्रे आणि मूर्ती सोडून शारीरिक व्यंगे असलेली माणसे जिथे विक्रीला असत त्या बाजारात घुटमळणाऱ्यांचे वर्णन त्यात आहे. दुसऱ्यांच्या घरातली दुःखे आणि लफडी शोधणारे मन त्याला याच जातीचे वाटते. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अथेन्सच्या लोकांचे वर्णन नवे काही सांगण्यात आणि ऐकण्यात वेळ घालवणारे असे आले आहे. इसवी सन ४००च्या सुमारास संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात कुतूहलाला डोळ्यांची वासना म्हटले. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहायला लोक का धावतात, याचे कारण सुख हे असू शकत नाही. निव्वळ पाहण्याची आणि जाणण्याची हाव त्यांना ओढून नेते, असे त्याचे विश्लेषण आहे. सशामागे धावणारा कुत्रा किंवा माशी पकडणारी पाल दिसली तरी प्रार्थनेतले मन कसे सुटते, हेही त्याने नोंदवले. सतराव्या शतकात पास्कालने या विचाराला आणखी खोली दिली. माणसाला एकटे, स्वस्थ बसवत नाही, कारण तसे बसले की मृत्यू आणि स्वतःचे रितेपण समोर येते. करमणूक हा त्यापासून केलेला पळ आहे, असे त्याचे निदान होते.

ही सगळी साक्ष वजनदार आहे. पण दुसऱ्या बाजूची साक्षही तितकीच भक्कम आहे. ‘मेटाफिजिक्स’च्या आरंभी अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की जाणण्याची इच्छा मनुष्यस्वभावातच आहे आणि तत्त्वचिंतन विस्मयातून सुरू होते. माणसे आधी जवळच्या, लहानसहान कोड्यांनी चकित झाली आणि मग हळूहळू चंद्र, सूर्य आणि विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत पोहोचली. विस्मयाची ही चढण आजही दिसते. आंद्रे गाइम यांनी चुंबकीय क्षेत्रात बेडूक अधांतरी तरंगवला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक २००० साली त्या प्रयोगाबद्दल त्यांना मिळाले. २०१० साली ग्राफीनवरील संशोधनासाठी त्याच गाइम यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अजब गोष्टीने चकित होणारे मन आणि सत्याचा शोध घेणारे मन एकच असू शकते.

करमणुकीचीही स्वतंत्र बाजू मांडली गेली आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी अतिरेकी कुतूहलाला दोषांत घातले, पण खेळकरपणाला सद्गुणांत स्थान दिले. त्यासाठी त्यांनी संत योहानाची कथा आधाराला घेतली. शिष्यांसोबत खेळताना पाहून कोणी नावे ठेवली, तेव्हा योहानाने एका धनुर्धराला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि असे अखंड चालेल का, असे विचारले. धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच होईल, असे योहानाने सांगितले.

भारतीय परंपरेत हे समर्थन आणखी उदार आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायानुसार इंद्रादी देवांनी ब्रह्मदेवाकडे पाहता आणि ऐकता येईल असे खेळणे मागितले, आणि ब्रह्मदेवाने सर्व वर्णांसाठी खुला असा नाट्यवेद निर्माण केला. दुःखाने, श्रमाने आणि शोकाने गांजलेल्यांना, तसेच तपस्व्यांना विसावा देणे, हे नाट्याचे एक प्रयोजन तिथे सांगितले आहे. तपस्व्यालाही विसावा लागतो, ही कबुली फार मोलाची आहे. महाराष्ट्रात सोळाव्या शतकात संत एकनाथांनी वासुदेव, जोशी आणि गारुडी अशा लोकांच्या ओळखीच्या पात्रांना भारुडात आणले आणि गमतीच्या वाटेने श्रोत्याला अध्यात्मापर्यंत नेले. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगातले निरूपण उत्तररंगातल्या रंजक आख्यानाने मनात ठसते. रंजनाला हाकलून न देता त्याला दिशा देण्याचा हा मार्ग आहे.

दोन्ही बाजू मिळून तीन कसोट्या हाती देतात. पहिली सत्याची. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाची लक्षणे सांगताना बोलणे उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, असे म्हटले आहे. हलकी बातमी प्रिय असतेच. तेवढ्याने ती खरी ठरत नाही. अफवा कितीही रंजक असली तरी या कसोटीवर ती टिकत नाही.

दुसरी कसोटी दुसऱ्याच्या प्रतिष्ठेची. दक्षिण आफ्रिकेतील खोइखोई समाजातल्या सारा बार्टमन या स्त्रीला १८१० पासून लंडनमध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये तिच्या शरीराच्या ठेवणीसाठी पैसे घेऊन लोकांना दाखवले गेले. १८१५ मध्ये तिचा मृत्यू झाला, तरी तिचे अवशेष पुढे दीर्घकाळ संग्रहालयात मांडलेले होते. ते मायदेशी परत नेऊन दफन व्हायला २००२ साल उजाडले. ज्या कुतूहलापुढे माणूस केवळ वस्तू होतो, ते कुतूहल अधर्म आहे. एखाद्या अभिनेत्रीचा घटस्फोट, एखाद्या कुटुंबाचा शोक किंवा अनोळखी माणसाची फजिती वाचकापुढे मांडताना हीच कसोटी लागू होते.

तिसरी कसोटी मर्यादेची. प्लुटार्क रोममध्ये व्याख्यान देत असताना श्रोत्यांतल्या रस्टिकसला सम्राटाचे पत्र आले. वक्ता थांबला, पण रस्टिकसने व्याख्यान संपेपर्यंत ते उघडलेच नाही. कुतूहल मारण्याची त्याला गरज पडली नाही. त्याने ते केवळ वेळेवर थोपवले. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे हाच सराव शिकवतात. सतत चाळत राहण्याची सोय हातात असलेल्या काळात या सरावाचे मोल वाढलेच आहे.

म्हणून रोजच्या गमतीजमती वाचण्यात पाप नाही आणि त्या देण्याचे काम क्षुद्रही नाही. थकलेल्या माणसाला खरी, कोणाला न दुखावणारी आणि वेळेवर संपणारी गंमत देणे हे चांगले काम आहे. अशी गंमत देणाऱ्याने सत्य आणि माणुसकी सांभाळावी. वाचणाऱ्याने तिचा आनंद घ्यावा आणि तिला दिवसाची मालकी देऊ नये.