अंधार मागणारी दीर्घिका

धनु राशीच्या ईशान्य कोपऱ्यात एनजीसी ६८२२, म्हणजे बार्नार्डची दीर्घिका आहे. सुमारे १६ लाख प्रकाशवर्षांवरची आपली शेजारीण. जात अनियमित बटू. ना सर्पिल भुजा, ना ठळक गाभा. एडवर्ड बार्नार्डला ती १८८४ मध्ये लहानशा दुर्बिणीतून सापडली, आणि हा निव्वळ योगायोग नसावा. एडविन हबलने नोंदवलं आहे की चार इंची शोधक दुर्बिणीतून ती बऱ्यापैकी दिसते, माउंट विल्सनच्या शंभर इंचीतून मात्र जेमतेम जाणवते. तिचा मंद उजेड चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीवर पसरलेला आहे. वर्धन वाढवलं की भोवतीचं काळं आकाश दृष्टिक्षेत्राबाहेर जातं. मग ती कशाच्या आधारावर ओळखायची?

याच हबलने तिच्यातल्या अकरा सेफीड, म्हणजे ठरावीक लयीत तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांवरून १९२५ मध्ये दाखवून दिलं की ती आकाशगंगेच्या पार बाहेर आहे. त्याने काढलेलं अंतर आजच्या निम्म्याहून कमी होतं, तरी निष्कर्ष टिकला.

तिचा हंगाम आपल्याला गैरसोयीचा. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये ती रात्रभर वर असते, तेव्हा पाऊस. सर्वपित्रीला ढग हटलेले असतीलच असं नाही, आणि पुढची अमावास्या दिवाळीची. म्हणून मी चैत्र अमावास्येची पहाट पसंत करतो. जुन्नरकडच्या पठारावर चारच्या सुमारास ती आग्नेयेला चांगली वर आलेली असते. नजर किंचित बाजूला ठेवली की राखाडी, लांबट डाग हळूहळू जाणवतो.

कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये जवळपास काही नसतं. अनेक फ्रेम एकावर एक रचल्या की ताऱ्यांचा पट्टा उमटतो, उत्तर टोकाशी हबल-५ आणि हबल-१० हे तेजोमेघ लालसर ठिपक्यांसारखे दिसतात. खरी कसोटी पुढे असते. क्षितिजावरच्या गावांचा उजेड फोटोत चढलेला असतो. तो पुसायला गेलं की दीर्घिकेची विरळ कडाही पुसली जाते, कारण कुठला प्रकाश कुणाचा हे सॉफ्टवेअरला नेमकं कळत नाही. कडा कापून केलेला काळाभोर फोटो मला खोटा वाटतो. थोडा मळकट राहिला तरी चालेल. जवळच खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने अशाच बटू दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला आहे, आणि तो दिसणाऱ्या ताऱ्यांच्या बराच बाहेरपर्यंत पसरलेला आढळतो. त्या कडेपाशी दीर्घिका संपत नाही.

ती कडा पुसायला लावणारा उजेड मात्र गावांतूनच येतो. तुमच्या गावात नवा हायमास्ट दिवा बसणार असेल, तर ग्रामसभेत एवढं मागा: दिव्याला वरून झाकण हवं, उजेड खाली रस्त्यावरच पडू द्या.