पूर्त आणि घरपट्टी

धर्मशास्त्रात पुण्यकर्माचे दोन भाग आहेत. यज्ञयाग ते इष्ट. विहीर, तळे, देऊळ, बाग ते पूर्त. इष्टाचा अधिकार मोजक्यांना, पूर्ताचा सर्वांना. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात पूर्ताच्या ‘उत्सर्गा’चा विचार केला आहे. तळे बांधणारा ते प्राणिमात्रांसाठी सोडतो आणि त्याची मालकी तिथेच संपते. पुढे तो पाण्यावर आला तरी चारचौघांसारखाच. भागोजीशेठ कीरांच्या पैशातून १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे राहिले, ते याच वळणाचे. दात्याची इच्छा पुरेशी होती, गावाचा कौल लागला नाही.

उद्याने आणि मैदाने आता नगरपालिकेच्या कामांत मोडतात; ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत त्यांची नोंद आहे. पैसा मात्र पट्टीचा. दान स्वखुशीचे, कर सक्तीचा. मग करातून झालेली बाग पूर्त म्हणायची का? म्हणायची तर देणाऱ्याची संमती हवी, आणि ती कळायला हवी. अमेरिकेत अनेक शहरे उद्यानांच्या कर्जरोख्यांवर थेट मतदान घेतात. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये खास कामाच्या स्थानिक करांसाठी दोन-तृतीयांश मतांची अट घातली. रत्नागिरीचा मतदार नगरसेवक निवडतो. बागेबद्दल त्याला वेगळे कोणी विचारत नाही.

उरतात ‘हरकती व सूचना’. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की लेखी हरकत घेतो तो ज्याच्या आंब्याच्या कलमांवर मैदानाचे आरक्षण पडले तो. तिथे पुढे क्रिकेट खेळणारी पोरे अर्ज करत नाहीत, मतदार यादीतही नसतात. मौन म्हणजे संमती हे लग्नाच्या बोलणीत चालून जाते, अंदाजपत्रकात नाही.

नुसता प्रश्नही फसवा असतो. बाग हवी का, याला सगळेच हो म्हणतात. पण जांभ्याच्या कातळावर बाग म्हणजे माती गाडीने आणायची, पावसात ती वाहून जाऊ नये म्हणून गडगा घालायचा, मे महिन्यात टँकरने झाडे जगवायची. हा खर्च घरपट्टीत किती चढेल, तेही त्याच दमात विचारले तरच होकाराला वजन येते.

कोणी काहीच विचारले नाही तरी निकाल लागतोच. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. तिच्या मुदतीतही पालिकेने संपादनाचे पाऊल उचलले नाही की आरक्षण व्यपगत होते आणि मैदानाची जागा मालकाला मोकळी होते.