डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा

मामाची होडी माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. सत्तावीस फुटी, फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. मालवणच्या दक्षिणेला खाडीच्या काठावर पावसाळाभर ती झापांखाली झाकलेली असते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, त्यामुळे दुरुस्त्या याच दिवसांत होतात. गेल्या वर्षी मी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली जुलैअखेर तिकडे गेलो, तेव्हा मामानं एक काम माझ्यावर सोपवलं : होडीचे दिवे. "तू इंजिनेर मां? मग बघ."

मी कोड लिहितो. सोल्डरिंग शेवटचं कॉलेजात केलं होतं. तरी हो म्हणालो.

काम दिसायला छोटं होतं. होडीच्या नाळेवर एकच जुना दिवा, त्याच्या काचेचा अर्धा भाग लाल आणि अर्धा हिरवा. आत एक बल्ब. मागे काठीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा. बारा मीटरपेक्षा लहान होडीला एवढं पुरतं. तारा सोलल्या तर आतलं तांबं हिरवट-काळं पडलेलं. खारी हवा तारेच्या आवरणाखाली हातभर आत शिरते, हे मला तेव्हा कळलं. बॅटरीवर बारा व्होल्ट आणि बल्बपाशी जेमतेम दहा. मी कल्हई केलेली तार आणली, नवा फ्यूज बसवला, प्रत्येक जोडावर हीट-श्रिंक चढवलं. जुन्या बल्बच्या जागी ऑनलाइन मागवलेला तीनशे रुपयांचा एलईडी लावला. मक्याच्या कणसासारखा, चारी बाजूंनी बारीक चिप्स. जुना बल्ब पंचवीस वॅटचा, हा तीन वॅटचा. बटण दाबलं आणि दोन्ही रंग लखलखले. मामा खूश, मी मामाहून जास्त.

चूक कळली ती योगायोगानं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होडी पाण्यात उतरवून खाडीत नांगरली होती. मामा तिच्यावरच थांबला आणि मी छोट्या होडीतून वल्हवत किनाऱ्याकडे निघालो. अंधार पडला होता. सहज मागे वळून पाहिलं. मी मामाच्या होडीच्या डाव्या अंगाला बराच बाजूला आलो होतो. मला फक्त लाल दिसायला हवा होता. मला लाल आणि हिरवा दोन्ही दिसत होते.

यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून हे दिवे नेमकं काय बोलतात ते सांगायला हवं. लाल दिवा होडीच्या डाव्या बाजूचा, हिरवा उजव्या बाजूचा. प्रत्येक दिवा नाकासमोरच्या रेषेपासून आपापल्या बाजूला साडेबाराशे नव्हे, एकशे बारा पूर्णांक पाच अंशांपर्यंतच दिसला पाहिजे. त्यामुळे अंधारात समोरची होडी दिसली नाही तरी तिचं तोंड कुठे आहे ते कळतं. फक्त लाल दिसला तर ती आपल्याला डावी बाजू दाखवतेय. फक्त हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही एकदम दिसले तर एकच अर्थ : ती सरळ आपल्या अंगावर येतेय.

म्हणजे मामाची होडी बाजूनं निघून जात असतानाही बघणाऱ्याला सांगत होती की मी तुझ्यावर चाल करून येतेय.

कारण शोधायला रात्र गेली. जुन्या बल्बमध्ये एकच उभी, बारीक तार होती. ती तार बरोबर लाल-हिरव्या काचेच्या सांध्यामागे येत असे, म्हणून दोन रंगांमधली सीमा धारदार पडायची. नियम ही सीमा जेमतेम एक ते तीन अंश ओघळू देतो. माझं कणीस जाडजूड. त्याच्या उजव्या अंगाच्या चिप्सचा उजेड हिरव्या काचेतून तिरका डावीकडे बाहेर पडत होता. दिवा जास्त उजळ झाला होता आणि खोटं बोलायला लागला होता.

माझ्या धंद्यात एक वाक्य फार बदनाम आहे : माझ्या मशीनवर तर चालतंय. मी होडीवर उभा राहून दिवे तपासले होते. तिथून ते उत्तमच दिसणार. पण हे दिवे होडीवरच्या माणसासाठी नसतातच. त्यांच्या उजेडात त्याला पुढचं काही दिसत नाही. उलट पांढरा दिवा डोळ्यांवर आला तर अंधारातलं दिसायचंही बंद होतं. स्वतःची बॅटरी खर्चून, स्वतःला काही उपयोग नसलेला उजेड माणूस लावतो, तो अशा कुणासाठी तरी जो कदाचित तिथे नसेलही. त्या कुणाच्या तरी जागी जाऊन बसल्याशिवाय दिवा खरा की खोटा हे कळायची सोय नाही.

मी मामाला म्हटलं, हा बल्ब काढू आणि सीलबंद, स्वतःची भिंगं असलेला पूर्ण दिवाच आणू. चार हजार पडतील. मामा म्हणाला, "पेटतत मां दिवे? मग झाला. कोण बघता?"

या प्रश्नाला जुनं उत्तर नाही, जुनी गोष्ट आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाला अंगठी सापडते. ती फिरवली की तो अदृश्य होतो. कुणी बघत नसेल तर माणूस सरळ वागेल का, हा तिथला सवाल. खाडीत बसून मला वाटलं की समुद्रावर रात्री प्रत्येकाकडे ती अंगठी असते. बटण बंद केलं की झालं. फरक एवढाच, की गोष्टीत अदृश्य झालेला माणूस पुढे जे करतो ते वाईट असतं. इथे अदृश्य होणं हाच दुसऱ्यावर केलेला अन्याय आहे. आपण काहीच न करता, शांत बसून, एखाद्याचा जीव धोक्यात घालू शकतो.

आणि बटण बंद करण्यात मामाचा हात सराईत होता, हे त्या संध्याकाळी बाहेर आलं. मामा रात्री गरवायला जातो. खडकाळ तळाची त्याची एक जागा आहे, तिथे चांगली मासळी लागते. तिथे पोचला की नांगर टाकून सगळे दिवे मालवतो. "दिवो लावलंय काय आख्खो गाव माझ्या जाग्यार येतलो."

मी तावातावानं नियम सांगितला : नांगरलेल्या होडीनं पांढरा दिवा दाखवायचाच. तो ऐकून घेऊन म्हणाला, बाहेर मोठे लोक हजारो वॅटचे दिवे पाण्यावर सोडून मासळी ओढून घेतात. 2017 मध्ये केंद्र सरकारनं त्या मासेमारीवर बंदी घातली, ती किती पाळली जाते ते तू येऊन बघ. त्यांच्या उजेडाला कुणी विचारत नाही आणि माझ्या काळोखाला तू विचारतोस.

मी गप्प झालो. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. सचोटीचा हिशेब नेहमी लहान माणसाकडूनच का मागायचा? चार हजार माझ्यासाठी एका वीकेंडचा खर्च आहे, त्याच्यासाठी बऱ्याच फेऱ्यांचं डिझेल-पेट्रोल. शिवाय ती जागा हीच त्याची एकमेव मालमत्ता म्हणावी अशी गोष्ट.

पण रात्रभर विचार करूनही एक गोष्ट हटेना. त्याच्या काळोखाची किंमत ते मोठे दिवेवाले देणार नव्हते. ती देणार होता त्याच्यासारखाच कुणीतरी, वीस-पंचवीस फुटी होडीतून पहाटे परत येणारा, झोपेनं डोळे जड झालेला. अन्याय एकानं करायचा आणि वसुली तिसऱ्याकडून करायची, याला प्रतिकार म्हणता येत नाही.

लाल डावीकडे का, याला तसं काही कारण नाही. उलटं ठरलं असतं तरी चाललं असतं. 1848 मध्ये ब्रिटननं वाफेच्या जहाजांना हे रंग सक्तीचे केले. पुढे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आले, ते 1977 पासून लागू आहेत. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञानं 1969 च्या पुस्तकात अशा संकेतांबद्दल मांडलं, की इतर पाळतात म्हणून मी पाळतो आणि मी पाळेन या भरवशावर इतर पाळतात, एवढ्यावरच ते उभे असतात. मला यात एक भर घालावीशी वाटते. भरवसा एकदा उभा राहिला की तो मोडायची ताकदही आपल्या हातात येते. दिवाच नसलेल्या होडीबद्दल समोरचा निदान काही समजूत करून घेत नाही. चुकीचा दिवा त्याच्या विश्वासाचाच वापर करून त्याला फसवतो. उजव्या हाताला लाल दिसला की आपण वाट सोडायची, हे त्यानं मनापासून शिकलेलं असतं. माझ्या तीनशे रुपयांच्या कणसानं सगळ्यात जास्त धोक्यात आणला असता तो नियम नीट पाळणारा माणूस.

दिवा मी माझ्या पैशांनी आणला. मामानं दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्या दिवशी स्क्रू पिळायला स्वतः बसला. बसवल्यावर मी छोटी होडी घेऊन त्याच्याभोवती पूर्ण चक्कर मारली. हिरवा, मग क्षणभर दोन्ही, मग लाल, मग फक्त पांढरा. पांढऱ्या दिव्याबद्दल, म्हणजे त्या खडकाळ जागेवरच्या, मी पुन्हा विषय काढला. तो म्हणाला, इंजिनाचा आवाज आला की लावीन. हे पुरेसं नाही. आवाज ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो, डुलकीही लागू शकते. मी तसं सांगितलं. त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

आता मी पुण्यात आहे. इथून मला काहीच तपासता येत नाही. नारळी पौर्णिमेनंतर आठवडाभरानं व्हॉट्सॲपवर मामाचा एक फोटो आला, सोबत एक अक्षर नाही. जवळजवळ पूर्ण काळा फोटो, त्यात मधोमध एक लाल ठिपका. जरा वेळानं लक्षात आलं की हा फोटो त्याच्या होडीवरून काढलेला असूच शकत नाही. कुणाला तरी डाव्या अंगाला पाठवून त्यानं तो काढून घेतला होता.

मी झूम करून हिरवा शोधला. नव्हता. पांढऱ्या दिव्याचं काय, हे मी अजून विचारलेलं नाही.