जपमाळेनंतरच्या शेंगा

ऑक्टोबर महिना लागला की आमच्या आळीत संध्याकाळी जपमाळ सुरू होते. मरियामातेची मूर्ती आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी. लितानी संपली की त्या घरचे लोक काहीतरी वाटतात. उकडलेले चणे, मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या भुईमुगाच्या शेंगा, एखाद्या घरी राजेळी केळ्यांची सुकेळी. पाऊस सरलेला असतो, भातकापणी चालू असते, दिवसा ऊन चटके देते आणि संध्याकाळी अंगणात बसावेसे वाटते. मुले शेंगांसाठीच येतात, असे आपण हसून म्हणतो. खरे सांगायचे तर त्यांच्या वयात आम्हीही त्यासाठीच जात होतो, आणि या वयातही शेंगांचा थोडा वाटा आहेच.

२०२० साली ही जपमाळ मोबाईलवर झाली. मूर्ती महिनाभर एकाच घरी राहिली. मार्चपासून चर्च बंद होते. सप्टेंबरच्या मध्यात देशात दिवसाला सुमारे ९७ हजार नवे रुग्ण सापडत होते. ऑक्टोबरमध्ये तो आकडा उतरू लागला आणि सगळ्यांचीच मने थोडी सैल झाली. ५ ऑक्टोबरला राज्यातील हॉटेले निम्म्या ग्राहकांसाठी उघडली, चर्चची दारे मात्र १६ नोव्हेंबरपर्यंत बंदच राहिली. त्यावरून तेव्हा किती कुरकुर झाली, ते आपल्याला आठवत असेल.

आमच्या घरी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची आजी होती. समोरच्या अंगणात चार-पाच वृद्ध बायका लांब लांब खुर्च्या टाकून, तोंडाला पदर लावून जपमाळ म्हणू लागल्या. मोबाईलवर प्रार्थना केल्यासारखे त्यांना वाटत नव्हते. शेवटी शेंगा असतच. आजीनेही जायचे ठरवले. आम्ही नाही म्हणालो.

"जीव माझा, धोका माझा. तुम्हाला काय?" ती म्हणाली.

आमचे उत्तर तयार होते. "आजी, धोका तुझ्या एकटीचा नाही. तुला झालं तर घरात सगळ्यांना होईल. कामाला बाई येते, तिच्या घरी जाईल. हॉस्पिटलात एक खाट अडेल."

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग शेंगा तरी आणून द्या." आम्ही आणल्या, धुतल्या, पुन्हा एकदा उकळल्या. त्यांचा पार गाळ झाला. तिने दोन खाल्ल्या आणि वाटी बाजूला सारली.

त्या दिवशी आपण बरोबर वागलो, याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. आधाराला संत पौलही होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तींना वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न आहे. ते खावे की न खावे? पौलाच्या मते अन्नात स्वतःचा असा दोष नाही. पण आपल्या खाण्याने दुर्बल भाऊ पडणार असेल, तर ते सोडून देण्याची त्याची तयारी आहे. शेंगांचेही तसेच, असे आम्ही स्वतःला समजावले. शेंगा खाणे पाप नव्हे. पण त्या खाण्याची किंमत दुसराच कोणी मोजणार असेल तर?

आणि किंमत मोजली जात होती, हे खोटे नव्हते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण आले होते. मधल्या सुट्टीत संत्री आणि बिस्किटे होती, म्हणजे आपल्याकडच्यासारखेच. त्यांतल्या ५३ जणांना लागण झाली किंवा झाली असावी असे आढळले. दोघे दगावले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. गायला आले होते, इतकेच.

पुष्कळ दिवसांनी आमच्या लक्षात आले की पौलाचे ते पत्र आम्ही अर्धेच वाचले होते. पौल स्वतःच्या ताटातले सोडायला निघाला होता. आम्ही आजीच्या ताटातले सोडत होतो. आमच्या घरातील दोघे तेव्हा रोज कामावर जात आणि दुपारी खिडक्या बंद असलेल्या एसीच्या खोलीत सहकाऱ्यांसोबत मास्क काढून डबा खात. आपल्या पानातली चटणी दुसऱ्याला देत, त्याच्या पानातली भाजी घेत. त्याला आम्ही धोका म्हणतच नव्हतो, त्याला काम म्हणत होतो. हा रोग पदार्थांवरून फारसा पसरत नाही, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो आणि उघड्यावर त्याचा जोर कमी असतो, हे पुढे सगळ्यांना कळले. म्हणजे त्या अंगणातल्या बायका आमच्यापेक्षा सुरक्षित होत्या, आणि रोग आमच्या घरात आलाच असता तर आमच्याच डब्यांतून आला असता. सुदैवाने आला नाही.

तरीही आजीला पाठवायलाच हवे होते, असे आज आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घरातला कर्ता माणूस गमावला. छोटासा वाढदिवस, केक, दहा-बारा माणसे, खिडक्या बंद. त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की एवढ्यातेवढ्याने काही होत नसते?

पण २०२१ च्या ऑक्टोबरचा हिशेब मात्र वेगळा आहे. तोवर आजीच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या. त्याच महिन्यात ७ तारखेला चर्च पुन्हा उघडले. अंगणातल्या खुर्च्या तिथेच होत्या. आजीने एकदा विचारले आणि आम्ही "बघू" म्हणालो. तेव्हा आम्ही रोगाला भीत नव्हतो. नाही म्हणण्याची सवय जडली होती आणि ती सोयीचीही होती; तिला हात धरून अंगण ओलांडायला न्यायचे, मग परत आणायला जायचे, हे वाचत होते. पहिल्या वर्षीच्या नकाराला आम्ही काळजी म्हणू शकतो. या "बघू"ला काय म्हणावे, ते आम्हाला अजून सुचलेले नाही. तिने पुन्हा विचारले नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत ती गेली. कोरोनाने नव्हे, वयाने.

आता मूर्ती पुन्हा घरोघरी फिरते. खिडक्या उघड्या असतात. ज्याला खोकला असेल तो न सांगता ओट्यावर बसतो, आणि कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. अंगणातल्या त्या बायकांपैकी दोघी अजून येतात. आम्ही आता त्यांनाच विचारतो, आत बसणार की बाहेर?

"शेंगा आधी कुठं वाटणार ते सांगा," त्यांतली एक म्हणाली.