वय झालं की निवळतं?

कुंडलिकेच्या काठावर, जुन्या जालन्यात कुणाच्या घरी बायपोलरचा, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासी असा, त्रास असला की ओट्यावरचा सल्ला ठरलेला असतो: "लग्न लावून द्या, निवळेल." लग्न झालं की "वय वाढू द्या, निवळेल."

उतारवयात काहींचे उन्मादाचे झटके सौम्य होतात, हे खरं. पण उदासीचे दिवस लांबू शकतात. घरचे म्हणतात, "आता कसे शांत झालेत बाबा!" बाबा मात्र दुपारपर्यंत अंथरूण सोडत नाहीत, उशाशी चहा तसाच गार. ही शांतता आजाराचीच असू शकते. उपचार चालू ठेवून वर्षानुवर्षं झटक्याविना जगणारेही आहेत, पण ती करामत वयाची नव्हे.

उलट वयाबरोबर औषध जास्त जपावं लागतं. या आजारावरच्या लिथियमचं बघा. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा गुण दाखवला; आजही ते भरवशाचं औषध आहे. ते बाहेर पडतं मूत्रपिंडावाटे, आणि वयानुसार मूत्रपिंड मंदावतं. त्यात आपल्याकडचा मे महिना! घाम गेला, पाणी कमी पडलं, बीपीसाठी मीठ एकदम तोडलं, गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळी परस्पर घेतली, की रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरतात, तोल जातो. आपण म्हणतो, म्हातारपण, दुसरं काय!

तेव्हा घरात कुणाचं हे औषध चालू असेल, तर ते मनानं बंद करू नका, आजार उलटतो. रक्त तपासून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. काही विचारायचं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही.