राज्ये दुष्काळाने बुडत नाहीत

जुन्नरने निजामशाहीचा जन्म पाहिला आणि तिची शेवटची धडपडही. बहामनी राज्याचा इथला सुभेदार मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेल्यावर शहाजीराजांनी याच तालुक्यातल्या जीवधन किल्ल्यावरून निजामशाही वंशातले एक मूल सोडवले आणि पेमगिरीला गादीवर बसवले. १६३६ मध्ये माहुलीला तोही डाव संपला.

अशा उदयास्ताचा अर्थ लावायला प्राचीन चीनने एक सिद्धान्त दिला. शांग घराणे उलथवणाऱ्या झोउ राजांनी सांगितले की, राज्य करण्याचा आदेश स्वर्ग देतो आणि राजाचे शील ढळले की तो काढूनही घेतो. दुष्काळ, महापूर, बंडाळी ही त्याची चिन्हे. यात सोय जेत्यांचीही होती. हरलेल्याचा इतिहास जेताच लिहिणार, म्हणून शेवटचा राजा हटकून दुराचारी ठरायचा. तरीही राजाला जाब विचारता येतो, ही या विचारातली मोलाची गोष्ट.

पण राजाचे शील म्हणजे नेमके काय? मिंग घराण्याचा शेवटचा सम्राट छोंगचन कष्टाळू होता, काटकसरी होता. राज्यावरच्या संकटांचा दोष स्वतःकडे घेणारी फर्माने त्याने काढली. मात्र मांचू आक्रमकांपासून राजधानी राखायला धावून आलेल्या युआन छोंगहुआन या सेनापतीला त्याने फितुरीच्या संशयावरून १६३० मध्ये हालहाल करून मारले. पुढे दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांचे बंड थेट बीजिंगमध्ये शिरले. १६४४ मध्ये सम्राटाने गळफास घेतला.

त्याच सुमारास इकडे काय चालले होते? १६२९ मध्ये लखुजी जाधवराव या मातब्बर सरदारांना निजामशहाने दौलताबादला भर दरबारात मुलांसह मारवले. काही महिन्यांनी त्यांच्या लेकीने, जिजाबाईंनी, शिवनेरीवर शिवरायांना जन्म दिला. पाठोपाठ दख्खनचा भीषण दुष्काळ आला. पुढे खुद्द निजामशहाला त्याचा वजीर फत्तेखानाने संपवले. त्याआधी, १६०० मध्ये, अहमदनगर लढवणाऱ्या चांदबिबीला तिच्याच माणसांनी फितुरीच्या संशयावरून मारले होते.

दुष्काळ आभाळातून येतो. पण त्या वेळी रयतेच्या पाठीशी उभी राहणारी कर्ती माणसे आधीच संपवलेली असतील, तर ते पाप आभाळाचे नव्हे, दरबाराचे. राजाचा खाजगी सदाचार तिथे अपुरा पडतो. निष्ठेने काम करणारा निर्धास्त आहे का, खरे बोलणाऱ्याचे डोके शाबूत राहते का, यावरूनच सत्तेचे शील जोखावे.

पेशवाईतही हेच दिसते. भीमाशंकराच्या मंदिराचे शिखर पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांनी बांधवले. त्याच नानांना १७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या छावणीत कैद झाली आणि पेशवा दुसऱ्या बाजीरावाची त्याला संमती होती. नाना पुढे सुटले, पण तुटलेला विश्वास सांधला गेला नाही. १८०० मध्ये ते वारले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. तिच्या अंताला इतरही कारणे होती. पण संशयाने पोखरलेल्या घराला ती पेलवली नाहीत.

आज राजे नाहीत, पण ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सत्ता आहे. तिला जोखताना नेत्याचे उपासतापास आणि साधी राहणी पाहून भुलू नका. चुकीच्या कागदावर सही करायला नकार देणाऱ्या ग्रामसेवकाचे, तलाठ्याचे पुढे काय झाले, ते विचारा. त्याच्या पाठीशी उभे राहणे हे आता राजाचे नव्हे, आपले कर्तव्य आहे.